बुटाचा फोटो पुसू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे चाळीस फोटो मिळाले. मी ते एका बैठकीत पाहिले आणि मास्तरकीची जुनी सवय म्हणून मोजलेही. चाळिसांपैकी एकतीस फोटोंत तुझी मुलगी सरळ लेन्समध्ये पाहते आहे आणि एकतीसही ठिकाणी तिचे हसू एकाच साच्यातले आहे: ओठ ताणलेले, दात दिसतील एवढे तोंड उघडलेले आणि डोळ्यांत मात्र हसण्याचा मागमूस नाही. सहा फोटो हललेले आहेत. उरलेल्या तिघांपैकी दोन बरे आहेत आणि एक असा आहे की त्याच्यासाठी मी हे पत्र आजच लिहायला घेतले.

त्या फोटोत ती दाराजवळ जमिनीवर बसली आहे. डावा बूट उजव्या पायात चढवण्याची तिची खटपट चालली आहे. जिभेचे टोक दातांच्या फटीतून बाहेर आले आहे, बुटाची मागची बाजू टाचेखाली चेपली गेली आहे आणि लेसचे एक टोक तिने मुठीत असे गच्च धरले आहे की जणू ते सोडले तर बूट पळून जाईल. डोक्याचा वरचा भाग फ्रेमबाहेर गेला आहे, फोटो थोडा काळाही आला आहे. खाली तू लिहिले आहेस, ‘हा चुकून आला, पुसायचा राहिला.’ तो पुसू नकोस. तू पाठवलेल्यांपैकी ज्यात तुझी मुलगी खरोखर भेटते असा हा एकच फोटो आहे. तो साधला, कारण त्या घटकेला ती तुला विसरली होती आणि तूही तिला हाक मारायला विसरलास.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. माझा मुलगा लहान असताना ‘इकडे बघ’, ‘हस ना जरा’ आणि ‘हलू नकोस’ ही तीन वाक्ये मी इतक्या वेळा उच्चारली की पाच वर्षांचा होईपर्यंत कॅमेरा दिसताच तो हातातला खेळ टाकून ताठ उभा राहू लागला. तेव्हा मला तो गुणी वाटे. त्याच्या त्या वयाचे शेकडो फोटो माझ्याकडे आहेत, परंतु तो कसा खेळत असे, रुसला म्हणजे कोणत्या कोपऱ्यात जाऊन बसत असे, यातले काहीही त्यांतून कळत नाही. ती सवय मोडायला दोन महिने लागले. रोज संध्याकाळी मी कॅमेरा मांडीवर घेऊन त्याच्या खोलीत बसत असे आणि बहुतेक दिवस एकही फोटो न काढता उठत असे. सुरुवातीला तो सारखा माझ्याकडे पाही. मग त्याने कॅमेरा मागून घेतला, माझ्या गुडघ्यांचे आणि छताचे वीसेक फोटो काढले आणि त्याचे कुतूहल संपले. कॅमेरा ही टेबल-खुर्चीसारखी घरातली एक वस्तू झाली, तेव्हा कुठे माझे शिक्षण सुरू झाले.

कोणता कॅमेरा घ्यावा, असे तू विचारले आहेस. सध्या कोणताही घेऊ नकोस. आहे त्याच कॅमेऱ्यावर आणि फोनवर एक वर्ष काढ. एखादा कसलेला छायाचित्रकार तुझ्या घरी तासाभरासाठी आला, तर त्याची लेन्स तुझ्यापेक्षा सरस असेल, पण शिंक येण्याआधी तुझी मुलगी नाक कसे मुरडते, किंवा खोटे बोलताना कोणत्या पायावर भार देते, हे त्याला कोण सांगणार? तुला ते ठाऊक आहे आणि तुझी सगळी भिस्त त्यावरच असायला हवी. डोळ्याने पाहिल्यापासून बोट दाबले जाईपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा एक पंचमांश भाग लागतो, म्हणजे घडलेले पाहून शटर दाबणाऱ्याच्या हाती नेहमी घडून गेलेले लागते. घरच्या माणसाला पुढे काय होणार याचा अंदाज असतो, म्हणून त्याचे बोट वेळेवर पडू शकते. त्यासाठी तिच्या मागे धावू नकोस. बूट घालायला ती रोज त्याच दाराशी येते. तर तू आधी तिथे जाऊन बस, मागे लोंबणारी पिशवी बाजूला कर, प्रकाश कुठून येतो ते पाहा आणि वाट पाहा. बस म्हणजे खरोखर जमिनीवर बस. उभ्याने काढलेल्या फोटोत मूल म्हणजे एक टाळू आणि दोन खांदे, एवढेच उरते.

प्रकाशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझे बहुतेक फोटो तिथेच बिघडले आहेत. दिवसाउजेडीही तू छताचा दिवा लावतोस. डोक्यावरून येणाऱ्या दिव्याने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि हनुवटीखाली काळा पट्टा उमटतो. शिवाय पिवळसर बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्व्हिनचा (हे प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा लहान तितका प्रकाश पिवळा) असतो आणि दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल हळदीसारखा पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंग सावरणारा बंदोबस्त, एकाला सावरायला गेला की दुसरा बिघडतो. तेव्हा पहिला धडा म्हणून तो दिवा बंद कर. खोली अंधारी वाटेल, पण खिडकीपासून हातभर अंतरावर बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर एका बाजूने जो उजेड पडतो, तो विकत घेऊन मिळत नाही. मात्र ती तिथून खोलीच्या आत चार पावले गेली की हिशेब बदलतो. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिला हा नियम इतका काटेकोरपणे लागू होत नाही, तरी उजेड झपाट्याने उतरतो आणि डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतो. तुझ्या सहा हललेल्या फोटोंपैकी चार खोलीच्या आतल्या टोकाला काढलेले आहेत, ते यामुळेच: उजेड कमी पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि तेवढ्यात मूल हलते.

एक काम सांगतो. आठवडाभर कॅमेरा न घेता घरात फिर आणि कोणत्या खिडकीतून किती वाजता कसा उजेड येतो, ते वहीत टिपून ठेव. सकाळी कवडसा कुठे पडतो, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड कोणत्या खोलीत शिरतो, ढगाळ दिवशी काय होते, हे सगळे लिही. कंटाळवाणे वाटेल, पण ही एक वही तुला लेन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल. खिडकी तिच्या पाठीमागे असताना फोटो काढशील तर कॅमेरा खिडकीचा झगमगाट पाहून चेहरा काळा करील. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा प्रकाश, एक-दीड स्टॉपने वाढव (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), फोटोत खिडकी जळून पांढरीफटक झाली तर होऊ दे. फ्लॅशविषयी मी काही लिहीत नाही. पहिल्या वर्षी तो मिटलेलाच बरा.

आता आकड्यांचे. बसून चित्र रंगवणाऱ्या मुलीसाठी १/६० सेकंदाचा शटर स्पीड, म्हणजे शटर उघडा राहण्याचा वेळ, कसाबसा पुरतो. धावणारी, उड्या मारणारी मुलगी स्थिर हवी असेल तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागतो. १/६० वरून १/२५० वर जाणे म्हणजे दोन स्टॉप, म्हणजेच आत येणारा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो आणि तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, ८०० वरून ३२०० वर न्यावा लागतो. इथेच तू बिचकतोस. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात, ही तुझी तक्रार खरी आहे, पण दाणेदार फोटो पाहता येतो, हललेला फोटो पाहवत नाही. शटर स्पीड तू ठरव आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोड. अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/१.८ वर, म्हणजे खूप उघडे, ठेवून मागचे सारे धूसर करण्याचा मोह नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला होतो. आजी आणि नात एकामागे एक बसल्या असतील, तर एवढ्या उघड्या छिद्रात एकीचाच चेहरा स्पष्ट येईल. एफ/४ वर ये, छिद्र लहान झाले की पुढचे-मागचे अधिक स्पष्ट येते. शिवाय मागचा पसारा, उघडे कपाट, अर्धवट घडी केलेले कपडे, हे वीस वर्षांनी चेहऱ्याइतकेच मोलाचे वाटतात, म्हणून ते सगळेच पुसट करण्यात काय मिळवशील? फोनने काढताना चेहऱ्याला फार भिडू नकोस. नाक मोठे आणि कान लहान दिसतात, त्याचा दोष लोक लेन्सला देतात, वास्तविक तो अंतराचा असतो. दीड मीटर मागे सरकलास की चेहरा ताळ्यावर येतो.

‘ती एक क्षणही स्थिर बसत नाही,’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीनदा आले आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या जुन्या ब्रिटिश छायाचित्रकार. त्यांना १८६३ साली मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली, कोंबड्यांच्या खुराड्याचा काचेचा स्टुडिओ केला आणि घरची माणसे, कामवाल्या, शेजारपाजारची मुले यांना समोर बसवून शिकायला सुरुवात केली. तेव्हा फिल्मऐवजी कोलोडियन नावाच्या ओल्या रसायनाचा लेप दिलेली काच वापरत, तिच्यावर एकेका फोटोला कित्येकदा काही मिनिटे लागत, त्यामुळे ‘हलू नकोस’ म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. त्यांचे फोटो थोडे अस्पष्ट येत, त्यावरून जाणकारांची बोलणीही त्यांनी खाल्ली आणि तरी पद्धत बदलली नाही. तुझ्या हातात सेकंदाचा अडीचशेवा भाग पकडणारे यंत्र आहे आणि तरीही तू मुलीला पुतळा हो म्हणतोस. हे वाचून रागावू नकोस. मीही हेच करत होतो.

काही वेळा कॅमेरा खाली ठेवावा लागतो. ती पडली, रक्त आले, तर आधी बाप हो. अंघोळीचे, उघडेवाघडे, रडून लाल झालेले फोटो काढलेस तरी घराबाहेर जाऊ देऊ नकोस. ती मोठी होईल तेव्हा त्या फोटोंची मालकी तिची असेल, अशा हिशेबाने वाग. फोनमधल्या फोटोच्या फाइलमध्ये, सेटिंग चालू असेल तर, तो कुठे काढला ते ठिकाणही नोंदले जाते. बाहेर कुणाला पाठवण्याआधी ती नोंद काढून टाक. आणि ती ‘नको’ म्हणाली तर तो नकार त्याच क्षणी मानायचा, हसण्यावारी न्यायचा नाही. बाकी, रोज दहा मिनिटे काढून झाले की कॅमेरा कपाटात ठेवून तिच्याबरोबर खेळ, म्हणजे बापाचा चेहरा कॅमेऱ्यामागेच असतो अशी तिची समजूत होणार नाही.

साठवणीबद्दल थोडक्यात. माझी एक हार्ड डिस्क एका सकाळी चालूच झाली नाही आणि मुलाच्या सातव्या व आठव्या वर्षांचे सगळे फोटो तिच्याबरोबर गेले. त्यांतले अठरा तेवढे वाचले, कारण ते मी छापून घेतले होते. तेव्हापासून मी तीन प्रती ठेवतो, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असतात आणि एक घराबाहेर असते. तू महिन्याला दहाच फोटो निवड आणि छापून घे. मागे तारीख आणि नावे लिही, पण बॉलपेन दाबून लिहू नकोस, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. निवडताना घाई मात्र नको. काढले त्याच रात्री सगळेच चांगले वाटतात किंवा सगळेच टाकाऊ वाटतात. पंधरा दिवस जाऊ दे.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चाळीस फोटोंत तू कुठेही नाहीस. एका फोटोत जमिनीवर तुझी सावली आहे, बस. चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी अनेक दशके बायकोचे आणि मुलींचे फोटो काढले, पण त्यांनी स्वतःलाही कॅमेऱ्यासमोर असंख्य वेळा उभे केले, म्हणून आज त्या कुटुंबात बापही दिसतो. टायमर लाव, आरशाचा उपयोग कर, किंवा सरळ मुलीच्या हातात कॅमेरा दे. ती तुझे डोके कापेल, फोटो तिरका काढील, पण तिच्या उंचीवरून तू कसा दिसतोस, हे दुसऱ्या कुणाला दाखवता येणार नाही.

पुढच्या महिन्यात दहा फोटो पाठव. त्यांत एकातही तिने लेन्सकडे पाहिलेले नसावे आणि किमान एक तिने काढलेला असावा. दरम्यान बुटाच्या त्या फोटोची मूळ फाइल मला पाठवून दे, काहीही न कापता, न उजळता. तिच्या डाव्या हातामागे दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ आली आहे असे मला वाटते. मोठा करून पाहायचे आहे.

तुझा,
एक जुना फोटोवाला