त्यांना वॉटर व्हिला पाहिजे, मला पाण्याचीच भीती वाटते

मावशी, नमस्कार. माझं लग्न अखाजीनंतर, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. मी चोपड्याची, मेडिकलवर काम करते, ते पुण्याला आयटीत आहेत. हनिमूनला त्यांना मालदीवच पाहिजे, वॉटर व्हिला, चार रात्री, सगळं मिळून दोन लाख साठ हजार आणि त्यातले बरेचसे ईएमआयवर. मी अंदमान म्हटलं तर म्हणाले तिथे सगळेच जातात. त्यांच्या मित्राने मध्येच बालीचं काढलं. रोज रात्री रिव्ह्यू वाचून वाचून माझं डोकं फिरलंय. आमचं घर माळकरी, मी अंडंसुद्धा खात नाही. आणि खरं सांगू का, लहानपणी तापीत पाय घसरून मी बुडता बुडता वाचलेय, तेव्हापासून पाण्याची भीती वाटते. हे त्यांना सांगितलं नाहीये, आत्तापासूनच नाटकं करते असं वाटेल. कोणतं बेट घेऊ आणि हॉटेल कसं निवडू?
– चोपड्याची नवरी

माय वं! बेटांची एवढी चौकशी केलीस आणि मुद्द्याची गोष्ट पत्राच्या शेवटी, दोन ओळींत उरकून टाकलीस होय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं पोरीला हॉटेल पाहिजे, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की जावईबापू बिचारे ईएमआय काढून अशा मुलीसाठी पाण्यावरची खोली बुक करतायत जिला पाण्याची भीती वाटते, आणि हे त्यांना माहीतच नाही.

वॉटर व्हिला म्हणजे काय ते आधी समजून घे, कारण फोटोत फक्त पाण्यावर बांधलेली लोळायची जाळी आणि परातीएवढा नाश्त्याचा ट्रे दिसतो. समुद्रात खांब रोवून त्यावर खोली, तिथे जायला लाकडी पूल, मागच्या डेकवरून जिना थेट पाण्यात, कित्येक ठिकाणी डेकला कठडा नसतो, कुठे तर जमिनीत काच बसवलेली असते खालचे मासे दिसावेत म्हणून. रात्री खालून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. ज्याला आवडतं त्याला ते स्वर्गच वाटतं, पण तू चार रात्री उशी कवटाळून बसशील आणि ते विचारतील काय झालं, मग तू म्हणशील काही नाही. हे "काही नाही" फार महाग पडतं गं, दोन लाख साठ हजाराला पडतंय.

म्हणून आधी फोन कर. आज रात्रीच कर, बस्ता-पत्रिका-हळदीच्या गडबडीत पुढे ढकलू नकोस. आणि "मला ना एक सांगायचंय" असं सुरू नको करू, मुलगे घाबरतात, त्यांना वाटतं लग्नच मोडतंय. सरळ तापीचा किस्सा सांग, किती वर्षांची होतीस, कोणी ओढून काढलं, घरी गेल्यावर आईचा मार खाल्लास की नाही. मग म्हण, मला समुद्र बघायचाय, गुडघाभर पाण्यात तुमचा हात धरून उभं राहायचंय, पण रात्री झोपायला पायाखाली जमीन पाहिजे. यात नाटक कुठेय? उलट त्यांना काय बुक करायचं ते तरी कळेल. आणि एवढं ऐकूनसुद्धा ते तुला नाटकी म्हणाले, तर मला परत पत्र लिही, मग हनिमूनवर नाही, दुसऱ्याच विषयावर बोलू.

आता मे महिना. इथे मी जरा तुझ्यावरच चिडणार आहे, शेतकऱ्याची पोर असावीस असं धरून चालते (चोपड्याकडे केळी-कापसाशिवाय घर कुठलं). उन्हाने जीव जात असताना आपल्याकडे सगळे कोणत्या बातमीची वाट बघत बसतात? "मान्सून अंदमानात दाखल". तीच बातमी! ती साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि तुमचं लग्न दुसऱ्या आठवड्यात, पुढे पूजा, कुलदैवत, मांडव परतणी धरून तुम्ही निघणार नेमके त्याच सुमारास. म्हणजे पप्पा ज्या ढगांसाठी देव पाण्यात ठेवून बसलेले असतात तेच ढग तुझ्या बोटीच्या डोक्यावर. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि माणूस पोर्ट ब्लेअरला हॉटेलच्या खिडकीत बसून राहतो. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं, बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतात, वेगळी बेटं समजून दोनदा पैसे भरू नकोस.) थायलंडचं फुकेट-क्राबी कोणी सुचवलं तर तेही याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे, पाऊस तिथेही तोच.

मालदीवलासुद्धा मे ते ऑक्टोबर पावसाळीच हंगाम. दिवसभर झड लागते असं नाही, मधूनमधून छान ऊनही पडतं, म्हणूनच तेव्हा रेट उतरलेले असतात आणि जाहिराती तुमच्या मोबाइलवर नाचतात. पण स्पीडबोट उसळते, आणि तुला ती उसळणारी स्पीडबोट चालणार आहे का ते तूच सांग.

पैशाचंही बघ, कारण जावईबापूंनी जो आकडा पाहिलाय तो मला अर्धवट वाटतोय. मालदीवचे बरेच रिसॉर्ट रूमचा भाव सांगतात आणि पुढे दोन अधिकची चिन्हं टाकतात, त्या दोन चिन्हांत सगळी गंमत असते. १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के टॅक्स, म्हणजे शंभराचे जवळजवळ एकशे एकोणतीस झाले. वर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टला माणशी रोजचे १२ डॉलर. शिवाय तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतो, त्यामुळे जेवण महाग वाटलं म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो असं होत नाही, कोपराच नाही तिथे! मील प्लॅन न घेता गेलं की पाण्याच्या बाटलीलाही हिशोब लागतो. विमानतळावरून बेटापर्यंतची बोट किंवा सीप्लेन वेगळं, आणि सीप्लेन फक्त उजेडात उडतं, तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र विमानतळाजवळच माले किंवा हुलहुमालेत काढायची, म्हणजे चारातली एक रात्र तिथेच गेली. हे सगळं धरून दोन साठ होतायत का, की पुढे अजून फुगणारेत, एवढं फक्त विचार त्यांना. माफुशीसारख्या गावाच्या बेटावर गेस्टहाऊस खूप स्वस्त मिळतं, पण तिथे पाण्यावरची खोली नसते, मग त्यांना हवे ते फोटोही येणार नाहीत. आणि देवाची मूर्ती बरोबर न्यायची नाही बरं का, मालदीवच्या कस्टमला चालत नाही, सासूबाईंनी दिलेला बाळकृष्ण घरीच ठेव.

तर मेमध्येच जायचं असेल तर माझं मत बाली. तो मित्र बरा दिसतोय. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, म्हणजे आपल्याकडे ढग जमतात तेव्हा तिथे उघडीप. विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याचे ५ लाख रुपिया, आणि बेटाची वेगळी पर्यटक पट्टी दीड लाख रुपिया, आकडे ऐकून घाबरू नकोस, त्यांच्या रुपियात आपण सगळेच लखपती असतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बालीत पाण्यापासून लांब राहता येतं. उबुदला चार रात्री काढ, तिथे समुद्रच नाही, डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातशेती, त्या शेतांना पाणी वाटून घ्यायची त्यांची जुनी पद्धत आहे, सुबक म्हणतात, युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशात घेतली. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून किती भांडणं होतात ते तुला माहितीये, मला तर तेच बघायला जायचंय. दारादारात रोज सकाळी फुलांच्या छोट्या परड्या ठेवलेल्या, देवळं, उदबत्तीचा वास. तुला परकं वाटणार नाही.

मग शेवटच्या दोन रात्री सानूरला. समोर प्रवाळाची भिंत असल्यामुळे तिथला समुद्र उथळ आणि शांत असतो, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं ते इथे. कुटा, सेमिन्याक नको, तिथे लाटा मोठ्या आणि ओढ जास्त. शेजारच्या नुसा पेनिदा बेटाची एक दिवसाची बोट ते मागतीलच, सगळ्या रीलमध्ये तीच असते. तुझी इच्छा असेल तरच जा, नाहीतर त्यांना एकट्याला पाठव आणि तू सानूरला मसाज करून घे, हनिमूनला सहा तास वेगळं राहिल्याने काही बिघडत नाही.

दोनच हॉटेलं सांगितली, मुद्दाम. माझ्या भाचीने सहा रात्रींत चार हॉटेलं केली होती, रोज सकाळी बॅग भरा, दुपारी गाडीत, संध्याकाळी बॅग उघडा. आल्यावर तिला विचारलं काय पाहिलं तर म्हणे लॉबी. लग्नात आधीच झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्यावर अजून तीन बेटं कशाला.

रिव्ह्यू वाचायचे ते पाच स्टारवाले नको आणि एक स्टारवालेही नको. पहिला हुरळलेला असतो, दुसरा कोणाशी तरी भांडलेला. तीन स्टारवाले वाच, ते खरं बोलतात, "रूम छान पण शेजारी बांधकाम चालू", "एसीचं पाणी टपकत होतं पण लगेच रूम बदलून दिली". हॉटेलने टाकलेले फोटो सोड, लोकांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत काढलेले बघ, त्यातही बाथरूमचे. नकाशावर हॉटेल ते बीच अंतर स्वतः मोज, "बीचपासून पाच मिनिटं" हे कशाने पाच मिनिटं ते कोणी लिहीत नाही. सी व्ह्यूला जास्तीचे पैसे अजिबात देऊ नकोस, तुला तसाही बागेकडचा व्ह्यू बरा. फुकट कॅन्सल होणारं बुकिंग घे, आपल्याकडे लग्नघरात ऐनवेळी काय निघेल सांगता येत नाही. एजंटाकडून घेणार असशील तर "५ रात्री ६ दिवस" मध्ये विमानातली रात्र मोजलीय का ते विचार आणि ते कागदावर लिहून घे. आणि तिकीट काढताना पासपोर्टवर जे नाव आहे तेच टाक, माहेरचं, उखाण्यात काय घ्यायचं ते घे. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे, आजच कपाटातून काढून बघ.

आणि दोघांना थांबायची तयारी असेल, तर अजून एक. मेमध्ये फक्त गडावर सप्तशृंगीला जाऊन या, सासूबाईही खूश, आणि लांबचा हनिमून पहिली संक्रांत झाल्यावर, हलव्याचे दागिने घालून फोटो काढून झाले की अंदमान. जानेवारीत समुद्र पुष्कळ शांत असतो, हॅवलॉकची खासगी बोट दीड-दोन तासांची, आत एसीत बसायचं, खिडकीकडे नको बसूस. राधानगर बीचवर सूर्यास्ताला चारलाच जाऊन बस, तिकडे पाच-साडेपाचला सूर्य बुडतो, घड्याळ आपलं पण सूर्य त्यांचा. "तिथे सगळेच जातात" म्हणे! लग्नही सगळेच करतात. आणि तोवर सात-आठ महिन्यांत दोघांनी थोडे थोडे बाजूला टाकले तर ईएमआय लागणारच नाही, चार रात्रींचे हप्ते दोन वर्षं फेडत बसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, पण पैसे त्यांचे आणि तुझे आहेत, बसून ठरवा.

आमच्या वेळी हनिमून म्हणजे तोरणमाळ, एसटीने, आणि बरोबर दोन नणंदा आणि एक दीर. यशवंत तलावाच्या काठावर आम्हाला दोघांना मिळून दहा मिनिटं बोलता आलं असेल, तेवढ्यात यांनी मला विचारलं, तुला गाडी लागते का? मला लागायची, घाट सुरू झाल्यापासून मी तोंड दाबून बसले होते, कोणाला सांगितलं नव्हतं. परतीच्या गाडीत यांनी भांडून मला खिडकीची जागा मिळवून दिली.

खाण्याचं राहिलंच. बालीत शाकाहारी मिळतं, उबुदला तर भरपूर, टोफू आहे, आंबवलेल्या सोयाबीनचं टेंपे आहे, शेंगदाण्याच्या चटणीतलं गादो-गादो आहे, फक्त ऑर्डर देताना "अंडं नको, तेरासी नको" म्हणायचं, ती सुक्या कोळंबीची पेस्ट असते आणि चटणीत न दिसता बसलेली असते. बाकी आपली जाड शेव, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि ठेचा ने. ठेच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत ठेवलीस तर सिक्युरिटीवाले तिथेच काढून घेतील.