हवा काढूनही जुन्या गाडीचं ब्रेक पेडल खाली का जातं आणि रिव्हर्स टाकताना खरखर का होते?

तुम्ही लिहिलंय की गाडी साठच्या दशकातली आहे, ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं, ब्रेक ऑइल मात्र कमी होत नाही. क्लचचं ऑइल घटतं आणि रिव्हर्स टाकताना खरखर होते. हवा काढली की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच.

आधी गाडी उभी करा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट (ब्रेक ऑइलचा मार्ग) असतं. एक रबर गेलं की सगळे ब्रेक गेले.

ब्रेकमध्ये हवा असेल तर पेडल स्पंजसारखं दबतं, पंप केलं की वर येतं. ड्रमचे शू सैल असले तरी दोन-तीनदा मारल्यावर पेडल वर येतं, पण मग कडक राहतं. तुमचं पेडल धरून ठेवल्यावर बसतंय. बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या (पेडलने चालणाऱ्या, ऑइलला दाब देणाऱ्या पंपाच्या) आतल्या रबराला बगल देऊन ऑइल मागे जातंय. इंजिन बंद ठेवून पेडल हलक्या पायाने अर्धा मिनिट धरून बघा. हलक्याच पायाने, कारण जोर दिला की रबर फुगून भिंतीला चिकटतं आणि दोष लपतो. सर्व्हो (इंजिनच्या निर्वाताने ब्रेकला जोर देणारा डबा) असेल तर मास्टरच्या मागून त्यात ऑइल शिरत नाही ना, तेही पाहा. शिरत असेल तर एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो.

हवा काढताना पेडल पार तळापर्यंत मारत असाल तर तेही थांबवा. एरवी पिस्टन जिथे पोचत नाही तिथे सिलिंडरला गंज असतो, आणि रबर त्यावर घासून फाटतं.

रिव्हर्सची खरखर होते ती क्लच पूर्ण सुटत नाही म्हणून. क्लचसाठी स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या, गिअरबॉक्सकडच्या सिलिंडरचं) धूळरोधक रबर बोटाने जरा मागे सरकवा. आत ओल दिसली की गुन्हेगार सापडला. कोरडं निघालं तर पेडलवरच्या मास्टरचा मागचा भाग तपासा. मग कुणाला तरी पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा. मॅन्युअलइतका सरकत असेल तर हायड्रॉलिक्स निर्दोष, खोट क्लचमध्येच. स्लेव्हचं निपल (हवा काढायचा स्क्रू) वरच्या बाजूला आहे ना? खाली असेल तर कितीही पंप करा, हवा निघणार नाही.

ऑइल डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) घाला. ते हवेतली ओल शोषतं: कोरडं असताना उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर १५५. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. रबरं पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. (हिरव्या मिनरल ऑइलवर चालणाऱ्या जुन्या सिट्रोएनचा नियम उलटा आहे, तिथे डॉट ४ चालत नाही.)

नवा ब्रेक मास्टर बसवल्यावर पेडलच्या दांड्याला किंचित खेळ (मोकळी जागा) ठेवा. तो नसेल तर ऑइलच्या परतीचं छिद्र झाकलेलं राहतं आणि गरम झाल्यावर ब्रेक धरून बसतात. तसं झालंच, तर मास्टरजवळचा पाइप सैल करा. चाकं मोकळी फिरू लागली तर खेळ कमी आहे. एखादं चाक त्याचं स्वतःचं निपल उघडल्यावरच मोकळं होत असेल, तर त्याचा रबरी होज आतून सुजलाय, तो बदला.