व्हॉर्टनला ‘अर्ली’ भरायचं का? आधी पैशांचं बोलू

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. सीबीएसई, कॉमर्स आणि गणित. दहावीला ९६ टक्के, अकरावीला ९३, सॅट (अमेरिकी कॉलेजांसाठीची प्रवेश परीक्षा) १५१०. तिला अमेरिकेत व्हॉर्टनलाच जायचंय. आमचे सल्लागार म्हणतात, १ नोव्हेंबरच्या अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे लवकरच्या फेरीत, अर्ज करा, शक्यता तिप्पट होते. आणि आर्थिक मदत मागू नका, म्हणजे आणखी वाढते. आम्ही वर्षाला पंचवीस लाखांपर्यंत जाऊ शकतो. निफाडला भावाबरोबर सामाईक द्राक्षबाग आहे, वेळ पडली तर आमचा हिस्सा विकू. निबंधाचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. काय करावं?
– एक पालक, नाशिक

उत्तर : बाग विकायची भाषा एवढ्यात नको. तिच्याकडे येतोच.

आधी ते ‘तिप्पट’. सल्लागारांनी आकडा हवेतून आणलेला नाही. व्हॉर्टन हे फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, म्हणजे ‘पेन’चं बिझनेस स्कूल. २०२०-२१ च्या प्रवेशांत पेनकडे अर्ली डिसिजनमध्ये आठ हजारांच्या आसपास अर्ज आले आणि सुमारे बाराशे जणांना जागा मिळाली, म्हणजे १५ टक्के. नंतरच्या रेग्युलर फेरीत ४८ हजारांतून दोन हजार, जेमतेम ४ टक्के. भागाकार तिपटीच्याही पुढे जातो.

पण हे आकडे अख्ख्या पेनचे आहेत. त्यात नर्सिंग आलं, इंजिनिअरिंग आलं, आर्ट्स-सायन्स आलं. शिवाय त्या बाराशेंत कोण असतं ते बघा. ज्यांचं तिथल्या प्रशिक्षकांशी आधीच बोलणं झालंय असे खेळाडू असतात. माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. ज्यांच्या शाळेत पूर्णवेळ कौन्सेलर आहे आणि ज्यांचे निबंध सप्टेंबरातच लिहून तयार आहेत, अशी मुलं असतात. ही मंडळी बाजूला काढली की उरलेल्यांच्या वाट्याला १५ टक्के येत नाहीत. तरी काहीच फायदा नाही, असं मी म्हणणार नाही. पेनची निम्मी बॅच या एकाच फेरीत भरते आणि ‘बोलावलंत तर येणारच’ असं लिहून देणारा उमेदवार कॉलेजला हवाच असतो. माझ्या मते हा फायदा काठावरच्या अर्जाला मिळतो, मुळात कच्च्या अर्जाला नाही. मुलीचे मार्क चालतील. १५१० हा सॅटचा स्कोअर तिथे निवड होणाऱ्यांच्या मधल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी का होईना बसतो, त्यामुळे आणखी दहा-वीस गुणांसाठी पुन्हा फी भरू नका.

अर्ली डिसिजन बांधून घालणारं असतं. अर्जाबरोबर एक करार जातो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या लागतात. डिसेंबरच्या मध्यावर ‘हो’ आलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. म्हणजे दुसरं कॉलेज किती स्कॉलरशिप देतं, हे कळायच्या आतच तुम्ही शब्द दिलेला असतो. ज्यांच्या घरी फीचा प्रश्न नाही त्यांना याने फरक पडत नाही. तुमच्या घरी पडतो.

हिशेब मांडू. फी, राहणं, जेवण, विमा धरून पेनचा वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. रुपयांत ऐंशी लाखांच्या आसपास, चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. तुमचे पंचवीस लाख एकीकडे आणि हा आकडा दुसरीकडे. मधलं अंतर बागेने भरायचं, असा तुमचा विचार दिसतो.

आता सल्लागारांच्या दुसऱ्या सूचनेविषयी. भारतीय नागरिकाने मदत मागितली तर पेन ती गोष्ट निवड करताना विचारात घेतं, हे खरं आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना तिथे हा नियम नाही, आपल्याला आहे. म्हणजे मदत मागितली की वाट अरुंद होते, एवढं त्यांचं बरोबर. मात्र याची दुसरी बाजू त्यांनी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. निवड झाली, तर तुमची गरज जेवढी ठरते तेवढी सगळी पेन भागवतं आणि पॅकेजमध्ये कर्ज धरत नाही. उलट परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढच्या चार वर्षांत ती मागण्याची सोय उरत नाही. दुसऱ्या वर्षी द्राक्षाला भाव पडला किंवा डॉलर चढला, तरी कुणाकडे जाणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे : मदत मागूनच अर्ज करा. तसं करायचं नसेल तर अर्ली डिसिजनच्या वाटेला जाऊ नका. ‘आधी शिरू, मग बघू’ हे इथे चालत नाही.

आता बाग. मदतीसाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यात पगार, बचत, घर, शेती सगळं विचारतात. बाग सामाईक असेल तर सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा किती, तेवढाच दाखवायचा. अख्ख्या बागेची किंमत टाकलीत तर कागदावर तुम्ही उगाच श्रीमंत व्हाल. उतारा, फेरफार, इन्कम टॅक्सची रिटर्न्स आत्ताच काढून ठेवा. एक लक्षात घ्या, ‘गरज’ किती हे तुम्ही नाही, ते ठरवतात. तुम्ही पंचवीस म्हणाल, त्यांच्या हिशेबाने चाळीसही निघू शकतात. मिळालेल्या मदतीत खरोखरच भागत नसेल तर करारातून बाहेर पडता येतं, तशी तरतूद आहे. पण त्या दिवशी घरात वाद नकोत, म्हणून आपली वरची मर्यादा काय हे सप्टेंबर संपायच्या आत तुम्ही, मुलीची आई आणि तुमचे भाऊ असे तिघांनी एकत्र बसून ठरवा. मुलीलाही बसवा.

पत्र तुम्ही लिहिलंत म्हणून एक शंका येते. व्हॉर्टनच हवं, हे मुलीचं मत आहे की घराचं? तिला न सांगता-शिकवता विचारा : पेन आणि आणखी दोन ठिकाणी एकाच दिवशी, सारख्याच खर्चात प्रवेश मिळाला तर कुठे जाशील? उत्तर द्यायला ती अडखळली, तर अर्ली डिसिजनची चिठ्ठी तिथे खर्च करू नका.

निबंधाचा खर्डा मी वाचला. त्यात ‘भारतीय अर्थव्यवस्थेत परिवर्तन’ आहे, ‘नेतृत्वगुण’ आहेत आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘महिला सक्षमीकरणाच्या उपक्रमात सहभाग’ एवढंच. तुमच्या पत्रातून (तो भाग वर छापलेला नाही) मात्र कळतं की त्या उपक्रमात ती काय करते. मावशीच्या बचत गटात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी वहीत लिहिण्याचं काम तिच्याकडे होतं. वही चाळताना तिच्या ध्यानात आलं की सगळ्यात जास्त खपते ती चकली, आणि गटाच्या हातात सगळ्यात कमी पैसे सुटतात तेही चकलीतच, कारण तेल महागलं तरी भाव मागच्या वर्षीचाच होता. शिवाय गिऱ्हाईक पैसे देतं भाऊबीजेनंतर, आणि किराणावाल्याला द्यायचे असतात वसुबारसेच्या आधी. म्हणून गट दरवर्षी व्याजाने पैसे काढायचा. तिने भांडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यायला लावली. दोन बायका रागावल्या, एक जुनं गिऱ्हाईक तुटलं.

अहो, निबंध हाच आहे! व्हॉर्टनचा प्रश्न वाचा. तुला महत्त्वाचा वाटणारा एखादा सध्याचा प्रश्न घे आणि इथलं शिक्षण तो समजून घ्यायला तुला कसं उपयोगी पडेल ते सांग, असं ते विचारतात. छोट्या धंद्यात नफा असूनही हातात रोकड का नसते, हा तिचा प्रश्न तिला त्या वहीत सापडलेला आहे. तुटलेल्या गिऱ्हाइकासकट लिहू द्या. सल्लागारांनी ‘भाषा सुधारून’ दिलीच, तर आधीचा खर्डा फेकू नका.

सोबत आणखी अर्ज हवेतच. पेनला अर्ली भरूनही सरकारी विद्यापीठांच्या न बांधणाऱ्या ‘अर्ली ॲक्शन’ला अर्ज करता येतो, इंडियाना विद्यापीठाचं केली हे बिझनेस स्कूल त्यातलं. इथे इंदूरच्या आयआयएमचा पाच वर्षांचा आयपीएम अभ्यासक्रम आहे, २०११ पासून चालू आहे. गणित असलेल्या मुलीने त्याची प्रवेश परीक्षा टाळण्याचं कारण नाही.

राहिली शाळा. करारावर सही, चार वर्षांच्या गुणपत्रिका, बारावीचे अपेक्षित मार्क, शिफारसपत्रं हे सगळं शाळेकडून ऑनलाइन जायला हवं. आपल्याकडे बहुतेक शाळांत हे काम मुख्याध्यापकांच्या अंगावर पडतं आणि ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. गणपतीआधीच जाऊन भेटा, आणि रेग्युलर फेरीचे कागदही त्याच वेळी मागून ठेवा. डिसेंबरमध्ये नकार आला तर पुढच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते, आणि नाताळात शाळेच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं.