अटकेतले जहाज आणि ‘पर्यायी तारण’

प्रश्न असा : सागरी दाव्यात अटकवलेले जहाज सोडवण्यासाठी मालक जे देतो त्याला ‘पर्यायी तारण’ म्हणावे, ‘जामीन’ की ‘हमी’? आणि ‘जहाज जप्त’ हे बरोबर का?

जप्तीचे आधी निकाली काढू. जप्ती म्हटले की वसुली डोळ्यांपुढे येते. जहाजाची अटक मात्र दाव्याला सुरक्षितता म्हणून असते. मालकी बदलत नाही, जहाज हलवायचे नाही एवढेच. निकालाच्या अंमलबजावणीसाठी जहाज ताब्यात घेणे जहाजांच्या अटकेविषयीच्या 1999च्या जिनिव्हा आंतरराष्ट्रीय कराराने अटकेच्या व्याख्येतून वगळलेच आहे. म्हणून ‘अटक’ किंवा ‘अटकाव’.

आता ‘पर्यायी’. दावेदाराच्या दृष्टीने तारण आधीच बंदरात उभे आहे : ते जहाजच. मालक न्यायालयात रोकड भरतो किंवा बँक हमी देतो, ती या जहाजाच्या जागी येते आणि दावा तिच्यावर सरकतो. म्हणजे पर्याय जहाजाला आहे, रोकडीला नव्हे. वाचणारा नेमका इथेच फसतो, म्हणून मी ‘जहाजाऐवजी तारण’ असे सरळ लिहीन.

‘जामीन’ चुकीचा नाही. याच विषयावरच्या आधीच्या, 1952च्या ब्रुसेल्स करारातही ‘पुरेसा जामीन किंवा अन्य तारण’ अशाच अर्थाची भाषा आहे. पण मराठीत जामिनावर सुटलेल्याला तारखेला हजर राहावे लागते. जहाज निघून जाते, आणि त्याच दाव्यासाठी सहसा पुन्हा अडवता येत नाही.

व्यवहारात बरेचदा येते ते पी अँड आय क्लबचे, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमा संघाचे पत्र. मजकूर साधारण असा : जहाज सोडल्याच्या मोबदल्यात, अंतिम निकालाने किंवा तडजोडीने देय ठरेल ती रक्कम, व्याज व खर्च धरून अमुक मर्यादेपर्यंत, आम्ही देऊ. इथे गहाण काहीच पडत नाही, शब्दच दिलेला असतो. त्याला ‘तारण’ म्हणणे ओढूनताणून होईल, ‘हमीपत्र’ चपखल. या सगळ्यांना कवेत घेणारा कायद्यातला शब्द ‘प्रतिभूती’, पण तो वाचून लोकांना शेअर बाजार आठवतो!

क्रियापदही जपा. ‘पैसे भरून जहाज सोडवले’ म्हटले की देणे चुकते केल्यासारखे वाटते. जिनिव्हा करारानुसार तारण देऊन सुटका मागणे ही जबाबदारीची कबुली नव्हे, आणि दावा फेटाळला गेला तर तारण परत मिळते. तेव्हा ‘तारण ठेवून सोडवले’ किंवा ‘हमीपत्रावर सोडवले’.