ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये पकडलं तर दंड भरून प्रकरण मिटतं का?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी रात्री धाकट्या भावाला नाकाबंदीत अडवलं, मशीनवर ६८ आलं, लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, गाडी न प्यायलेला मित्र घरी घेऊन आला आणि आता ओळखीतला एक एजंट म्हणतोय की पाच हजार द्या, आतल्या आत मिटवतो. मी वकील आहे, मोटार व्हेइकलच्या केसेस बघतो, आणि हा प्रश्न सतत येतो म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी, त्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. हेल्मेट, सीटबेल्ट, नो पार्किंग यांचं चलान आपण जागेवर किंवा मोबाइलवर भरून मोकळे होतो ना, ते होतं कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये त्या गुन्ह्यांना तडजोडीची सोय दिलेली आहे. दारू पिऊन गाडी चालवणं म्हणजे कलम १८५, आणि ते त्या यादीत नाहीच. म्हणजे हवालदार काय, इन्स्पेक्टर काय, कुणालाच पैसे घेऊन हे मिटवायचा अधिकार नाही, जायचं ते कोर्टातच. एजंट एकतर पैसे खाऊन गायब होणार नाहीतर कुणाला तरी लाच देणार, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो, म्हणजे भावाच्या एका केसच्या जोडीला तुमच्यावर दुसरी.

आता ६८ म्हणजे काय ते बघा. कायद्यातली मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. भाऊ दुपटीच्याही वर आहे. घरचे म्हणत असतील की दोनच पेग घेतले होते हो त्याने, आणि ते खरंही असेल, अडचण तीच आहे. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी ६० मिलीचा एक पेग घेतला तरी ढोबळ हिशोबाने आकडा चाळीसच्या आसपास जातो, ६५० मिलीची माइल्ड बियरची एक बाटली पन्नासच्या घरात नेते, स्ट्राँग असेल तर त्याच्याही बऱ्याच पुढे. पोटात जेवण असेल तर थोडं कमी, बायकांमध्ये आणि बारीक माणसांमध्ये जास्त. म्हणजे 'एकाने काही होत नाही' हे जे आपण लग्नाच्या हॉलबाहेर ऐकतो ते साफ चुकीचं आहे.

आणि उतरायचा वेग तर फारच कमी, तासाला साधारण १५. रात्री चार मोठे पेग झाले तर ३० च्या खाली यायला नऊ-दहा तास लागू शकतात, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत पार्टी करून, झोपून, आंघोळ करून, नाश्ता करून सकाळी आठला ऑफिसला निघालेला माणूससुद्धा कायद्याने प्यायलेलाच असू शकतो. त्याला स्वतःला एकदम फ्रेश वाटत असतं. कॉफी, लिंबूपाणी, बडीशेप, वेलची, यातल्या कशानेही फरक पडत नाही कारण मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुफ्फुसातून येणारी हवा मोजतं. ज्यांना सकाळी लवकर गाडी काढायची असते त्यांनी आदल्या रात्रीचा विचार करायला हवा, हे मी कळकळीने सांगतोय.

काहीजण विचारतात की फुंकायला नकारच दिला तर? कलम २०५ त्यासाठीच आहे, योग्य कारणाशिवाय नकार दिला तर तो नकारच तुमच्या विरोधात पुरावा म्हणून धरता येतो. आणि अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. तिथे रक्त घेतात तेव्हा सुई टोचायच्या जागी नेहमीसारखा स्पिरिटचा बोळा फिरवायचा नसतो, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल, नमुना खराब होतो. रक्त सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत भरतात, सील करतात आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवतात. हे एवढं कडक का? १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, त्या प्रकरणात ससून हॉस्पिटलमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. एक छोटी बाटली, पण सगळी केस तिच्यावर उभी राहते किंवा पडते.

शिक्षेचं म्हणाल तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. इंटरनेटवर अजून दोन हजार दंड असं लिहिलेलं सापडतं, ते २०१९ च्या दुरुस्तीच्या आधीचं आहे, त्यावर जाऊ नका.

कोर्टात काय होतं तेही सांगतो म्हणजे तुमची धास्ती थोडी कमी होईल. सकाळपासून बाहेरच्या बाकावर याच कलमाखालची पोरं बसलेली असतात, कुणाची आई सोबत, कुणाचा मित्र. पुकारा झाला की आत जायचं, मॅजिस्ट्रेट आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबूल केला तर बहुतेक वेळा दंड होतो, कधी दंडासोबत 'कोर्ट उठेपर्यंत' कैद होते, म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच बसून राहायचं, फोन नाही, बाहेर चहा नाही. पण दंडासोबत काही दिवसांची साधी कैद झालेली माणसंही मी बघितली आहेत, खासकरून आकडा खूप मोठा असेल किंवा नाकाबंदीत हुज्जत घातली असेल तर. त्यामुळे फक्त दंडच होईल अशी खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

इथे एक गोष्ट लोक अजिबात लक्षात घेत नाहीत. गुन्हा कबूल करून दहा हजार भरले की माणसाला वाटतं सुटलो बुवा, पण कायद्याच्या भाषेत तो दोषी ठरलेला असतो. भाऊ आयटीत आहे आणि कंपनी अमेरिकेला पाठवणार आहे असं तुम्ही लिहिलंय, तर तिकडच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली आहे का, कधी दोषी ठरला आहात का. तिथे खोटं लिहिणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडतं. खरं लिहायचं, कोर्टाच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आणि दंडाची पावती जपून ठेवायची. म्हणून कबूल करायच्या आधी वकिलाला मशीनची स्लिप दाखवा, तिच्यावरचं नाव, वेळ, आकडा, सही बरोबर आहे का, मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय ना याची तपासणी, कधी झालंय हे बघू दे. खरोखर काही चूक असेल तर लढा, नसेल तर उगाच तारखा वाढवून काही मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

लायसन्स आता आरटीओकडे जाईल. तिथे भावाला म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग पहिल्या वेळेला तीन महिने अपात्र ठरवू शकतात, दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स रद्दच. त्या तीन महिन्यांत 'जरा कोपऱ्यापर्यंत' म्हणूनही गाडी काढायची नाही, अपात्र असताना चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, तो वेगळा गुन्हा आहे. मित्र प्यायलेला नव्हता हे फार बरं झालं, कारण प्यायलेल्याला गाडी चालवायला उद्युक्त करणाऱ्या सोबत्यांवरही कलम १८८ लागतं आणि शिक्षा तीच.

विम्याचं थोडक्यात, अपघात झाला असता तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेल्यात जमा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर असंही म्हटलंय की ब्रेथ टेस्ट किंवा रक्त तपासणी झाली नसली तरी बाकी पुराव्यांवरून चालक नशेत होता हे विमा कंपनी दाखवू शकते.

आणि अपघातात कुणी गेलं असतं तर आपण दहा हजारांबद्दल बोलतच नसतो. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर अ‍ॅलिस्टर परेराची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, ७ जण ठार, ८ जखमी. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तेव्हाचं कलम ३०४ आता भारतीय न्याय संहितेत १०५ झालंय. परेरा तेव्हा जवळपास तुमच्या भावाच्याच वयाचा होता, आणि त्या फुटपाथवर झोपलेले लोक रस्त्याचंच काम करायला आलेले होते. नाकाबंदीवाल्यांनी भावाला अडवलं म्हणून घरात चिडचिड चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, ती थांबवा. त्या रात्री तो कुणालाही न धडकता घरी आला तो त्या अडवण्यामुळेच आला असेल.

आता करायचं एवढंच, लायसन्स ठेवून घेतल्याची पोलिसांनी दिलेली पावती आणि मशीनची स्लिप यांचे फोटो काढून ठेवा, तारखेच्या दिवशी वेळेवर हजर राहा कारण गैरहजर राहिलं तर वॉरंट निघू शकतं, दंडाची रक्कम सोबत ठेवा आणि भावाबरोबर घरातलं कुणीतरी मोठं माणूस जा. कोणतं कोर्ट आणि कोणती तारीख मिळाली आहे ते कमेंटमध्ये लिहा, त्याप्रमाणे आणखी काय कागद लागतील ते सांगतो.