साठलेली व्हिजिटिंग कार्डे स्वतःच्या वेगळ्या, कल्पक पद्धतीने कशी लावावीत?

आपल्याकडे सातशेच्या आसपास व्हिजिटिंग कार्डे साठली आहेत, ती सध्या इंग्रजी अक्षरक्रमाने प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये लावलेली आहेत आणि आता काही स्वतःची पद्धत हवी आहे, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. त्यातला अक्षरक्रम आणि अल्बम हे दोन शब्द नसते, तर मी उत्तर लिहायला बसलो नसतो.

जळगाव जिल्ह्यात सावद्याला आमचे ट्रक बुकिंगचे ऑफिस आहे. रावेर-यावल पट्ट्यातली केळी दिल्लीच्या आझादपूर मंडीला पाठवण्यासाठी गाड्या लावून देणे हे माझे तीस वर्षांचे काम. या धंद्यात कार्ड कोणाकडे मागावे लागत नाही. टायरवाला, क्रेनवाला, ढाबेवाला, मंडीतला आडत्या, जो भेटेल तो आधी कार्ड काढतो आणि मग बोलतो.

मी सुताराकडून सागाचा एक लांबट, उघडा डबा करून घेतला आहे. त्यात कार्डे उभी राहतात आणि ती रस्त्याच्या क्रमाने लावलेली आहेत. अलीकडच्या टोकाला रावेर, मग बुऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा, सनावद, बडवाह, इंदूर, देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, धौलपूर, आग्रा, मथुरा आणि पलीकडच्या टोकाला दिल्ली. दोन गावांच्या मधला माणूस दोन गावांच्या मध्येच बसतो. नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा पूल बंद होतो आणि गाड्या अडकून पडतात, म्हणून सनावद आणि बडवाह यांच्या मधली कार्डे पावसाळ्यात जरा वर ओढून ठेवलेली असतात. गावागावांमधले पडदे मी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे कापले आहेत आणि शक्यतो त्याच गावाहून आलेल्या पत्रिका वापरल्या आहेत. पडद्यांचे माथे मैलाच्या दगडांप्रमाणे रंगवले आहेत, म्हणजे राज्यमार्गाला हिरवा आणि राष्ट्रीय महामार्गाला पिवळा. डबा केला तेव्हा इंदूरपर्यंतचा रस्ता राज्यमार्ग होता, म्हणून तिथपर्यंत हिरवा आणि पुढे पिवळा. (धुळ्यात ज्याला आजही आग्रा रोड म्हणतात, त्याच जुन्या रस्त्याला आमच्या गाड्या इंदूरला जाऊन मिळतात.)

२०१२ च्या मे महिन्यात मी नातीच्या बारशासाठी पाच दिवस नाशिकला गेलो असताना माझ्या धाकट्या भावाने जळगावहून दोन अल्बम आणले आणि डबा रिकामा करून सगळी कार्डे ए, बी, सी, डी अशी लावून टाकली. परत आलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, आता कोणीही कार्ड शोधू शकेल." मी काही बोललो नाही, आणि हीच माझी चूक झाली.

आपल्याकडच्या दुकानांच्या नावांचा अक्षरक्रम लावणे किती फसवे आहे, हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच कळते. निम्मी दुकाने 'श्री'ने सुरू होतात; त्या 'श्री'चे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारे होते आणि तिन्ही एस या अक्षराच्या पानांत वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसतात. उरलेल्यांपैकी बरीच 'न्यू' किंवा 'जय' असतात. शिवाय ज्याच्याशी आपला व्यवहार असतो त्याच्या दुकानाचे नाव आपल्याला ठाऊकच नसते. आपल्याला आठवतो तो पंपासमोरचा लेथवाला, किंवा ज्याने आपल्याला उभ्या उभ्या चहा पाजला तो.

त्याच आठवड्यात रात्री दीड वाजता गुना आणि शिवपुरीच्या मधून ड्रायव्हरचा फोन आला. मागच्या चाकाचे बेअरिंग जाम होऊन गाडी रस्त्याकडेला उभी होती आणि आत १६ टन केळी होती. कोलारसजवळच्या एका लेथवाल्याचे कार्ड माझ्याकडे आहे आणि त्याच्या मागे मी स्वतःच्या हाताने "रात्री उठतो, घर दुकानामागेच" असे लिहिले आहे, हे मला लख्ख आठवत होते. अल्बमच्या प्रत्येक कप्प्यात भावाने जागा वाचवण्यासाठी दोन-दोन कार्डे पाठीला पाठ लावून कोंबली होती, त्यामुळे मागे लिहिलेले एकही अक्षर दिसत नव्हते. आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत के, एम आणि एस ही अक्षरे पालथी घातली. कार्ड दुसऱ्या दिवशी अकरा वाजता 'न्यू'खाली सापडले. तोपर्यंत गाडी साडेनऊ तास उभी राहिली होती आणि दुरुस्त होऊन निघायला दुपारचे तीन वाजले. मे महिन्यात गाडी चालू असेल तर निदान वारा लागतो; उभ्या गाडीत माल आतून तापतो, आणि एक घड पिकू लागला की त्यातून निघणारा वायू शेजारच्या घडांनाही पिकवतो. मंडीत माल पिवळा उतरला आणि भाड्यातून १९,००० रुपये कापले गेले. भाऊ आजही म्हणतो की बेअरिंग अल्बममुळे जाम झाले नव्हते. ते खरे आहे. पण गाडी तेवढा वेळ उभी कशामुळे राहिली, याचे उत्तर त्याने अजून दिलेले नाही.

आपण अल्बम ठेवणारच असाल, तर निदान मऊ पीव्हीसीचे कप्पे घेऊ नका. ते मऊ राहावेत म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उन्हाळ्यात सुटते आणि कार्डावरची शाई प्लॅस्टिकला चिकटते. आमच्या पत्र्याच्या छपराखाली पहिल्याच उन्हाळ्यात हे झाले. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे मिळतात, त्यात हा त्रास नाही. डबा करणार असाल, तर आपल्याकडचे कार्ड साडेतीन इंच लांब असते, म्हणून आतली रुंदी पावणेचार इंच सांगा. चकचकीत लॅमिनेशनवर पेन्सिल आणि बॉलपेन दोन्ही उमटत नाहीत. तिथे बारीक टोकाचा मार्कर लागतो. कार्डावर जीएसटी क्रमांक असेल, तर त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, म्हणजे २७ महाराष्ट्र, २३ मध्य प्रदेश, ०९ उत्तर प्रदेश आणि ०७ दिल्ली. क्रमांक अजून जुन्या व्हॅटचा असेल, तर कार्ड जुलै २०१७ च्या आधीचे आहे आणि फोन लावून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. मी दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे फोन लावतो आणि बंद पडलेली कार्डे काढून टाकतो.

आपला व्यवसाय कोणता हे आपण लिहिलेले नाही, त्यामुळे माझा रस्ता आपल्या कामाचा असेलच असे नाही. आपली माणसे आपल्याला ज्या धाग्याने आठवतात तो धागा धरावा. एखाद्या मंडपवाल्याला तो लग्नाच्या तिथींचा असेल, कापडवाल्याला पेठांचा. आपल्या ऑफिसात माणसे बदलत असतील आणि नवख्या माणसालाही कार्ड सापडायला हवे असेल, तर मात्र अक्षरक्रमच बरा, एवढे मी भावाच्या बाजूने मान्य करतो. कार्डांचे मागून-पुढून फोटोही काढून ठेवावेत. माझे काढायचे राहिले आहेत.

ते दोन अल्बम मी टाकलेले नाहीत. एस अक्षराच्या पानांवरून कार्डे ओढून काढताना शाई मागे राहिली, त्यामुळे रिकाम्या कप्प्यांवर आजही लाल रंगातले उलटे 'श्री' ओळीने दिसतात, आणि आखाजीला भाऊ जेवायला आला की मी ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवतो. कोलारसचे कार्ड शिवपुरीच्या पिवळ्या पडद्याच्या अलीकडे तिसरे आहे. गेल्या वर्षी भावाच्या मुलाने ते न विचारता काढून दिले.