पगार कापला, मग लायब्ररी कशी बांधली?

प्रश्न: अँड्र्यू कार्नेगीने अडीच हजारांवर लायब्ऱ्यांना पैसे दिले म्हणतात, आणि त्याच्याच पोलाद कारखान्यात कामगारांवर गोळ्या चालल्या असंही वाचलं. यातलं खरं काय? – एक वाचक

उत्तर: दोन्ही खरंच आहे. कार्नेगी स्वतः गरिबीतून आलेला, 1848 ला स्कॉटलंडहून अमेरिकेत आला आणि 13 व्या वर्षी सूतगिरणीत आठवड्याला 1 डॉलर 20 सेंटवर लागला, आणि वाचायला कसा लागला तर कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी पोरांना आपल्याकडची पुस्तकं द्यायचे म्हणून. त्यामुळे लायब्ररीचं वेड मनापासूनचंच होतं.

पण 1892 चं होमस्टेड बघा, पिट्सबर्गजवळचा कार्नेगीचा पोलाद कारखाना. मालक स्कॉटलंडला सुट्टीवर, इकडे कारभार बघणाऱ्या हेन्री फ्रिकने पगार कापायला काढला, कारखान्याला कुंपण घातलं, कामगारांना बाहेर ठेवलं आणि 6 जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीची 300 माणसं नदीतून बार्जने आणली. दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, मग गव्हर्नरने हजारो सैनिक पाठवले आणि नोव्हेंबरपर्यंत संप मोडला.

संपाबरोबर कामगारांची युनियनही मोडली, ती गेल्यावर 12 तासांची पाळी कोण अडवणार? त्यात दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल व्हायची तेव्हा एका गँगला सलग 24 तास काम, त्याला तिकडे लाँग टर्न म्हणायचे. समोर वितळलेलं पोलाद आणि डोळ्यांवर झोप, विचार करा जरा. आणि 1898 ला तिथल्याच कामगारांसाठी कार्नेगीने लायब्ररी उघडली, म्युझिक हॉल, पोहायचा तलाव, सगळं. इमारत सुंदरच, पण भट्टीवरून आलेला माणूस पुस्तक उघडणार कधी हो?

1889 च्या लेखात त्याने उघड लिहिलंय की पैसा थोडा थोडा सगळ्यांना वाटला तर उधळला जातो, त्यापेक्षा श्रीमंताने तो एकगठ्ठा लोकांच्या कामाला लावावा. मला राग येतो तो इथेच, घाम कामगाराचा आणि त्याच्या पैशाचं काय करायचं ते ठरवणार मालक!

1901 ला कंपनी 48 कोटी डॉलरला विकली गेली. अमेरिकन पोलाद कारखान्यांतली 12 तासांची पाळी सुटायला 1923 उजाडलं, तोवर कार्नेगीला जाऊन चार वर्षं झाली होती.